केंद्रातले आवाज कुठे ठेवाल?

छोट्या रेडिओ केंद्राच्या किंवा तालुक्यातल्या केबल वाहिनीच्या टेबलाचा खालचा खण उघडला, की हमखास पोर्टेबल हार्ड डिस्क निघतात. एकीवर चिकटपट्टी लावून ‘जुने’ लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘जुने २’, तिसरीवर काहीच नाही. चार वर्षांपूर्वीची एखादी मुलाखत हवी असली, की तिन्ही आळीपाळीने लावून बघायच्या. त्यातली एक ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारते आणि खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात.

सांगलीत आकाशवाणीचं केंद्र १९६३ पासून आहे, साताऱ्यातही आकाशवाणी आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग’ ही सामुदायिक रेडिओ वाहिनी २००८ साली सुरू झाली, जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. त्याशिवाय केबलवरच्या स्थानिक वाहिन्या, यूट्यूबवर गावोगावच्या बातम्या देणारी मंडळी, महाविद्यालयांचे माध्यम विभाग, कीर्तनं आणि नाटकं रेकॉर्ड करणारे हौशी लोक आहेत. या सगळ्यांकडे रोज नवा आवाज आणि नवं चित्रण जमतं. दोन ते दहा माणसं जिथे एकत्र काम करतात अशा जागांसाठी हा लेख आहे. डिस्क कोणती घ्यावी हा यातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. आपल्याकडची नदी, आपल्याकडची वीज आणि पाच वर्षांनी ती फाइल शोधणारा माणूस या तिघांचा विचार करून साठवणीची आखणी करणं, हे खरं काम.

मध्यवर्ती साठवणीसाठी जी पेटी लागते तिला ‘नॅस’ म्हणतात. दोन, चार किंवा जास्त हार्ड डिस्क बसणारी, स्वतःची छोटी कार्यप्रणाली असलेली आणि लॅनच्या केबलने स्विचला जोडलेली ही पेटी असते. केंद्रातल्या प्रत्येक संगणकावर ती एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांच्या तयार पेट्या मिळतात. एखादा धडधाकट जुना संगणक असेल आणि तो सांभाळणारं जाणकार माणूस असेल, तर ट्रूनॅस ही मोफत प्रणाली टाकूनही काम होतं. जाणकार माणूस आठवड्यातून एकदाच येत असेल, तर मात्र तयार पेटीच घ्या.

आधी कागद-पेन घेऊन बसा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा वेव्ह फाइलला तासाला साधारण १ जीबी जागा लागते. तोच आवाज १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये तासाला ५८ एमबीच्या आसपास बसतो. रोज दोन तासांचा नवा मजकूर वेव्हमध्ये कायम ठेवायचा, तर वर्षाला पाऊण टीबी झाला. संपादनाआधीचं कच्चं रेकॉर्डिंग याच्या तिप्पट धरा, पण ते सगळं कायम ठेवायचं नसतं. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम प्रसारणानंतर तीन महिने जपून ठेवण्याची अट आहे. दिवसाला दहा तास प्रसारण असेल, तर एमपीथ्रीत ही तीन महिन्यांची नोंद ५२ जीबीत मावते. ही नोंद मिक्सरमधून घेऊ नका. साध्या एफएम रिसीव्हरमधून घ्या, म्हणजे हवेत प्रत्यक्ष काय गेलं ते कळतं आणि ट्रान्समीटर मध्येच बंद पडला असेल तर तेही कळतं.

चित्रणाचं गणित निराळं. ५० मेगाबिटच्या प्रसारण दर्जाच्या चित्रणाला तासाला साडेबावीस जीबी लागतात. हल्लीचे कॅमेरे १०० मेगाबिटवर चित्रण करत असतील, तर याच्या दुप्पट. केवळ आवाजाचं काम करणाऱ्या केंद्राला चार टीबीच्या दोन डिस्क काही वर्षं पुरतात. रोज चित्रण करणाऱ्या वाहिनीने चार डिस्कच्या पेटीपासूनच सुरुवात करावी, आणि तीन संपादक एकाच वेळी थेट पेटीवरून काम करणार असतील तर साध्या गिगाबिट जाळ्याऐवजी अडीच किंवा दहा गिगाबिटचा स्विच घ्यावा.

डिस्क घेताना दुकानदाराला एकच प्रश्न ठामपणे विचारा: ही सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआर डिस्कवर नोंदींच्या ओळी एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असतात. त्यामुळे ती स्वस्त पडते, पण सलग मोठं लेखन आलं की रखडते. एक डिस्क बिघडून नवी लावल्यावर पेटी सगळा डाटा तिच्यावर पुन्हा उतरवते, नेमकं तेव्हाच एसएमआर डिस्क दम तोडते. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० साली उघड झालं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. नॅससाठी सीएमआरच घ्या, आणि शक्य असेल तर दोन डिस्क दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क एकाच सुमारास थकण्याची शक्यता जास्त असते.

दोन डिस्क असतील तर मिरर लावा. चार टीबीच्या दोन डिस्कमध्ये चारच टीबी वापरायला मिळतात, कारण दुसरी पहिलीची हुबेहूब जोडीदार असते. ‘निम्मी जागा वाया गेली’ असं कुणी म्हणेल, त्याचं ऐकू नका. चार डिस्क असतील तर त्या एकत्र बांधणाऱ्या ‘रेड’ (RAID) पद्धतीच्या रेड-५ प्रकारात एका डिस्कएवढी जागा सोडावी लागते, रेड-६ मध्ये दोन डिस्कएवढी.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथल्या गैरसमजातून होतं. मिरर किंवा रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं, एवढ्यासाठीच तो असतो. कुणी चुकून ‘दिवाळी अंक २०२२’ हा फोल्डर पुसला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. पेटी चोरीला गेली, विजेने जळाली, पाण्यात गेली, तर दोन्ही डिस्क बरोबरच जातात. फीत महाग होती त्या काळात जुनं मुद्रण पुसून त्याच फितीवर नवं करण्याची रीत जगभरच्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांत होती, आणि त्यात किती मोठमोठे आवाज कायमचे गेले. आता जागा स्वस्त झाली आहे. आता आवाज गेला, तर तो आपल्या हलगर्जीपणामुळे गेला असंच म्हणावं लागेल.

म्हणून तीन प्रती हव्यात. पहिली नॅसवर. दुसरी त्याच इमारतीत, पण वेगळ्या डिस्कवर. ती रात्री आपोआप निघेल असं वेळापत्रक लावून द्या. तिसरी गावाबाहेर. या तिसऱ्या प्रतीबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

जोडणीच्या बाबतीत एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे: प्रसारणाचा संगणक थेट नॅसवरून गाणं वाजवणार नाही. पुढच्या दोन दिवसांच्या क्यूशीटमधली प्रत्येक फाइल त्याच्या स्वतःच्या डिस्कवर आधीच उतरलेली असली पाहिजे. स्विच बंद पडला, पेटी अपडेटसाठी पुन्हा सुरू झाली, उंदराने केबल कुरतडली, तरी हवेतला आवाज तुटता कामा नये. वेगाची चिंता रेडिओला करायचं कारण नाही. एका वेव्ह फाइलच्या वाजण्याला सेकंदाला सव्वादोन-अडीच मेगाबिट पुरतात आणि साधी गिगाबिट केबल त्याच्या कित्येकशे पट वाहून नेते. अडचण वायफायने येते. स्टुडिओतले संगणक केबलनेच जोडा. पाहुण्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मोबाइलसाठी वायफायचं वेगळं जाळं ठेवा. पेटीला राऊटरमधून कायमचा आयपी पत्ता देऊन टाका, नाहीतर वीज जाऊन आल्यावर ‘ड्राइव्ह दिसत नाही’ अशी ओरड सुरू होते.

आता वीज. नॅसला घरगुती इन्व्हर्टर पुरत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या मधल्या क्षणात पेटी बंद पडू शकते, आणि लेखन चालू असताना बंद पडली तर फाइल-प्रणालीला दुखापत होते. यूएसबी केबलने नॅसशी बोलणारा यूपीएस घ्या. वीज गेली, बॅटरी उतरत आली, की तो पेटीला कळवतो आणि पेटी स्वतःहून नीट बंद होते. दोन डिस्कच्या पेटीला साधा ६०० व्हीएचा यूपीएसही पुरतो. त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलायची असते, हे मात्र बहुतेक ठिकाणी विसरलं जातं.

माण-खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात अर्थिंगकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून केलेला असला, तरी मार्चपासून जमीन तडकते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल, तर खड्ड्यात पाणी सोडायचं, तरीही उतरला नाही तर खड्डा नव्याने भरायचा. उन्हाळाभर दर आठवड्याला बादलीभर पाणी घालण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून द्या. वळवाच्या पावसात वीज पडते ती मनोऱ्याच्या आसपास. ट्रान्समीटरची खोली वेगळी असेल आणि मधून उघड्यावरून लॅनची तांब्याची केबल गेली असेल, तर ती काढून फायबर टाका. काचेतून वीज येत नाही. दोन मीडिया कन्व्हर्टरचा खर्च एका जळालेल्या नॅसपेक्षा कितीतरी कमी आहे.

आणि पाणी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा त्याने पन्नाशी ओलांडली. २०१९ ला शहराचा मोठा भाग आठवडाभर पाण्याखाली होता. अशा वेळी तळमजल्यावरच्या पेटीचं काय होतं ते सांगायला नको, पण वरच्या मजल्यावरची सुकी पेटीसुद्धा निरुपयोगी ठरते, कारण वीज नाही, इंटरनेट नाही, आणि जिन्यापर्यंत पोहोचायला बोट लागते. नेमक्या त्याच दिवसांत लोकांना रेडिओची गरज सगळ्यात जास्त असते. म्हणून नदीकाठच्या केंद्राने पेटी पहिल्या मजल्याच्या वर ठेवावी हे तर झालंच, शिवाय पूर आल्यावर दुसऱ्या गावातून काम सुरू करता येईल एवढं साहित्य आधीच बाहेर गेलेलं असावं. त्यात ओळख-धून, जिंगल्स, आरोग्यविषयक आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना, बचाव पथकांच्या घोषणांसाठी तयार साचे, चार दिवसांचे भरीचे कार्यक्रम एवढं धरा. हे सगळं एका ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतं.

तिसरी प्रत कुठे ठेवायची याचं उत्तर आपल्या नकाशातच आहे. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला माण आहे, तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी बरं वर्ष म्हणतात. सांगली जिल्ह्यातही कृष्णा-वारणेच्या काठची मिरज, पलूस, वाळवा ही गावं पुराच्या तोंडाशी, आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळ टँकरच्या रांगेत. दोन्ही संकटं एकाच वेळी एकाच गावावर येत नाहीत. तेव्हा सांगलीतल्या वाहिनीने आपली तिसरी प्रत विट्याला किंवा जतला ठेवावी, कऱ्हाडच्या मंडळींनी दहिवडीला, आणि दुष्काळी पट्ट्यातल्या केंद्राने आपली प्रत नदीकाठी नको, तर सातारा शहरात किंवा पुण्याला ठेवावी. दोन केंद्रांनी एकमेकांच्या डिस्क सांभाळायच्या असा एका पानाचा लेखी करार केला, तर भाडंही लागत नाही. डिस्क कुणाची, तिच्यावर काय आहे, ती कुणी उघडायची नाही, दर किती महिन्यांनी बदलायची, एवढं त्यात लिहा.

‘क्लाउडवर टाकू’ असं नव्या मुलांचं म्हणणं असतं, आणि रोजच्या नव्या फाइलींसाठी ते बरोबरच आहे. अपलोडचा वेग २० मेगाबिट मिळत असेल, तर २ जीबी पाठवायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. पण साठलेले ४ टीबी त्याच वेगाने पाठवायचे म्हटले, तर लाइन एकदाही न तुटता अठरा दिवस लागतात. तोच डाटा एका डिस्कवर उतरवून एसटीने सांगलीहून जतला त्याच दिवशी पोहोचतो. पहिली मोठी प्रत हातानेच न्या, पुढची भर क्लाउडवर किंवा दर तीन महिन्यांनी बदलत्या डिस्कवर. प्रवासाला जाणारी डिस्क कूटबद्ध करा आणि तिचा पासवर्ड बंद पाकिटात दोन वेगवेगळ्या माणसांकडे द्या. एकट्या तंत्रज्ञाच्या डोक्यात पासवर्ड असणं म्हणजे उद्या तो दुसरीकडे नोकरीला लागला की डिस्क कायमची कुलूपबंद. कपाटात पडून राहणारी डिस्क सहा महिन्यांतून एकदा लावून फिरवायची आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची. जावळी, पाटणकडच्या पावसाळी हवेत हे न केल्यास डिस्कच्या पट्टीवर गंज धरतो.

आता नावांचा विषय. यंत्र कितीही चांगलं असलं, तरी ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा नावांच्या ढिगाऱ्यात आवाज हरवतोच. नावाची सुरुवात तारखेने करा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. पुढे कार्यक्रमाचा प्रकार, गाव आणि अनुक्रमांक, असं: २०२५-०७-०६_मुलाखत_म्हसवड_००१. प्रत्यक्षात ही नावं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत ठेवा, मधे मोकळी जागा सोडू नका. मराठीचं प्रेम म्हणून नावं देवनागरीत ठेवावीशी वाटतात, मलाही वाटतात, पण काही जुनी प्लेआउट सॉफ्टवेअर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवतात. शिवाय ‘कऱ्हाड’सारखा शब्द दोन कळफलकांवर दोन वेगळ्या संकेतांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही.

मराठीची खरी जागा नोंदवहीत आहे. एक साधी एक्सेलची यादी करा आणि ती पेटीवरच ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगची एक ओळ. बोलणाऱ्याचं किंवा गाणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, वय, विषय, कुणी रेकॉर्ड केलं, संमतीपत्र घेतलं का, गाणं असेल तर पहिले चार शब्द. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून उभा केला, त्याची ताकद एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या एवढ्यातच नाही. ओवी कोणत्या बाईने गायली आणि ती कोणत्या गावची, हे तिथे ओवीला जोडलेलं राहिलं, त्यामुळे कित्येक वर्षांनी त्या गावांत परत जाऊन त्या बायकांना किंवा त्यांच्या मुलींना भेटता आलं. माणदेशातलं गजीनृत्य, धनगरी ओव्या, भेदिक शाहिरीचे सवाल-जवाब, चांदोलीच्या विस्थापितांच्या आठवणी, यातलं काहीही तुमच्या पेटीत नुसतं ‘ऑडिओ_१७’ म्हणून पडून असेल, तर गाणाऱ्याचं नाव आजच विचारून घ्या. ती म्हातारी माणसं आहेत.

फोल्डर चारच पुरतात: ‘आलेले’, ‘काम चालू’, ‘प्रसारणासाठी’ आणि ‘कायम’. बाहेरून आलेल्या प्रत्येक मेमरी कार्डावरची सामग्री आधी ‘आलेले’मध्ये उतरते, तिथे अँटिव्हायरस फिरतो, आणि दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. ‘कायम’मध्ये वाचण्याची परवानगी सगळ्यांना, लिहिण्याची फक्त एकाला. पेटीवर स्नॅपशॉटची सोय असते, ती दर तासाला लावा आणि तीस दिवसांचे स्नॅपशॉट ठेवा. चुकून पुसलेलं त्यातून परत येतं. महिन्यातून एकदा डाटा स्क्रबिंगही लावा, म्हणजे डिस्कवर शांतपणे कुजणारी अक्षरं वेळेवर सापडतात.

खंडणीखोर व्हायरसचं भय खोटं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो विंडोजच्या जुन्या फाइल-सामायिकीच्या दोषातून, आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने इंटरनेटला थेट उघड्या ठेवलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. तेव्हा फाइल-सामायिकीचा जुना एसएमबी-१ प्रकार बंद ठेवा, मूळ ‘अ‍ॅडमिन’ खातं बंद करा, अपडेट वेळच्या वेळी घ्या, आणि राऊटरमधून नॅसकडे कोणताही पोर्ट उघडू नका. बाहेरून फाइल लागत असेल तर व्हीपीएनने या. कपाटातली, केबल काढून ठेवलेली डिस्क व्हायरसला पोहोचत नाही, हा तिसऱ्या प्रतीचा आणखी एक उपयोग.

हे सगळं उभं राहिल्यावर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, अर्धा दिवस राखून ठेवा. नॅस बंद करा. प्रसारण चालू राहतंय का ते बघा. मग यूपीएसची मुख्य वीज काढा आणि पेटी स्वतःहून बंद होते का ते तपासा. गावाबाहेरची डिस्क मागवा, दुसऱ्याच संगणकाला लावा, आणि केंद्रात सगळ्यात नवीन असलेल्या मुलाला किंवा मुलीला फक्त नोंदवही देऊन सांगा, ‘तीन वर्षांपूर्वीची अमुक गावची मुलाखत काढून दाखव.’ घड्याळ लावा. पाच मिनिटांत सापडली तर नावं आणि नोंदी बरोबर आहेत. सापडली पण उघडली नाही, तर त्या दिवशीची बाकीची कामं बाजूला ठेवून आधी बॅकअप दुरुस्त करा, आणि दुरुस्त झाल्यावर तीच परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.